दुसरं ताट

आबांची खानावळ मी पाहिलेली नाही. मी मालवणात कॉलेजला आलो तेव्हा ती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पण स्टँडवरचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर अजून तिच्या गोष्टी सांगतात, आणि त्या जेवणाच्या कमी, वाट बघण्याच्या जास्त असतात. आबांचा एक नियम होता. तोंडाला पाणी सुटल्याशिवाय चूल पेटवायची नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटप वाटून तयार, बांगडे धुऊन तयार, बाहेर बाकांवर माणसं बसलेली, आणि आबा आत चुलीसमोर डोळे मिटून.

"आबानु, गाडी सुटतली ओ!" ड्रायव्हर ओरडायचा.

"सुटांदे. माझ्या तोंडाक पाणी सुटूक नाय अजून."

"तुमच्या तोंडाक पाणी सुटापर्यंत आमच्या पोटातले कावळे मेले!"

आबा तेवढा वेळ काय करायचे, ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. भरलेली वाटी डोळ्यांसमोर आणायची. आधी रंग, मग वर तरंगणारं तेल, मग तिरफळाचा वास, मग पहिला घास. तोंडाला पाणी सुटलं की उठायचं. त्यानंतर मीठ किती, कोकमाची सोलं किती, हे हाताला विचारावं लागत नाही. "डोळ्यांनी बघितलेला कढयेत उतरना नाय," ते म्हणायचे. "जिभेन बघितलेला उतरता."

मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. गुडघे गेलेले. पडवीलगतची एक खोली ते कॉलेजच्या मुलांना द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"खंयचो?"

"आंबोलीचा."

"मगे तुझी सर्दी कायमची. घरात शिकलेला कोण?"

"कोणी नाही. मीच पहिला कॉलेजात."

"बरा आसा. म्हणजे तुका चुकीचा कोणी शिकवूक नाय अजून."

खोलीचे नियम फारसे नव्हते. एकच पक्का होता. दुपारी बारा ते एक आबा स्वयंपाकघरात दार लावून बसतील. त्या तासात घराला आग लागली तरी दार वाजवायचं नाही.

आत काय चालतं ते मला दुसऱ्या आठवड्यात कळलं, कारण दार जुनं होतं आणि फळ्यांमध्ये फट होती. मी चोरून पाहिलं, हे कबूल करायला हवं. दोन पाट समोरासमोर मांडलेले. दोन ताटं पूर्ण वाढलेली, भात, आमटी, भाजी, कडेला सोलकढीची वाटी. एका पाटावर आबा. दुसरा रिकामा. आबांचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. मधेच आवाज यायचा, एखाद्याला खरोखर बोलवावं तसा. "ये रे. आत ये. हात धू. बस."

एक वाजता दार उघडायचं. आबा बाहेर येऊन तोंडावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "नाय. कोरडाच." मग मला मुलासारखी हाक मारायचे, "जा झिला, जेवन घे." ते दुसरं ताट मी जेवायचो. सकाळचं कॉलेज सुटून मी साडेबारापर्यंत घरी यायचो, आणि जवळजवळ दीड वर्ष, सुट्ट्या सोडल्या तर रोज, मी दुसऱ्या कोणाचं तरी ताट जेवलो.

ते ताट त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. भाऊ वालावलला राहायचा. मालवणहून वालावल काही लांब नाही, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परत येऊ शकतो. पण दोघं वीस-बावीस वर्षं बोलले नव्हते. आबा त्याच्याविषयी सांगायला लागले की थांबायचे नाहीत. उंच, कुरळ्या केसांचा, पुढे आलेल्या दातांचा, हसला की शेजारच्या वाडीत ऐकू जायचं. माझ्या डोळ्यांसमोर तो इतका स्पष्ट उभा राहिला होता की बाजारात कुरळ्या केसांचा उंच माणूस दिसला की मी वळून बघायचो.

भांडण झालं ते आई वारली त्या दिवशी. पाऊस होता. रस्त्यावर पाणी आल्याने भावाची एसटी वाटेत कट्टा गावाला अडकली, पुढे जाईना. भाऊ तिथून चालत निघाला. तो भिजून, चिखलाने माखून मालवणात पोचला तेव्हा आबांनी आईला अग्नी देऊन तास होऊन गेला होता.

"तास थांबलास नाय माझ्यासाठी," भाऊ म्हणाला.

"तू चलत येतंस ह्या माका कोण सांगणार? निरोप मिळूक नाय माका," आबा म्हणाले.

भाऊ दहाव्या दिवसाला आला, न बोलता विधी करून गेला, आणि पुन्हा आला नाही.

"मग तुम्ही जा ना," मी एकदा म्हटलं. "नाहीतर फोन तरी करू. नंबर मी शोधून देतो."

"फोनार वास येना नाय," आबा म्हणाले. मग म्हणाले, "माका जावची इच्छा नाय झिला. खरा सांगतंय. इच्छा होवची, इतकीच इच्छा आसा. तेवढ्यावर रोज बसतंय."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं, पण समजल्यासारखं वाटलं होतं. चांगलं वागावं हे सगळ्यांना माहीत असतं, आबा म्हणायचे, पण भूक नसताना माणूस जेवत नाही. आधी भूक आणायची. चित्र असं बघायचं की त्याचा वास यावा. त्यांना देव, मोक्ष वगैरे शब्द आवडायचे नाहीत. ते म्हणायचे, "मरूच्या आधी आतून ओलो होवक व्हयो माणूस."

मला त्यांनी एकदा विचारलं, "देवाक हात जोडतंस तेव्हा काय मागतंस?"

"चांगली बुद्धी," मी म्हटलं. शाळेपासून तेच मागत आलो होतो.

"चव कशी तिची?"

"कसली?"

"बुद्धीची. आंबट, गोड, तिखट? म्हायत नाय मा? मगे ती तुका खरी व्हयी नाय. मागूची म्हणान मागतंस."

श्रावणात तर ते बाजारात हसण्याचा विषय व्हायचे. महिनाभर मासे बंद, आणि हा माणूस रोज सकाळी मासळी बाजारात हजर. घ्यायचं काही नाही. टोपल्यांसमोर उभं राहून नुसतं बघायचं, दीर्घ श्वास घ्यायचा. तिथे एक मुसलमान चाची बसायच्या, त्या त्यांना सोडायच्या नाहीत.

"काय ओ आबा, श्रावणात हयसर काय काम?"

"बघतंय."

"बघून बघून माझे बांगडे वाळतले! थांबा, रोज्याच्या दिवसात तुमी येवा, मी पण सरबत समोर ठेवन बसतंय. दोघा मिळून बघुया."

"तुका कळता चाची," आबा गंभीरपणे म्हणायचे. "ह्या बाकीच्यांका नाय कळणा."

परतताना मला म्हणायचे, "बघ. एका बांगड्यासाठी जीव इतको तळमळता. आणि भावासाठी तळमळना नाय. श्रावण कित्याक? तर जीव कशाक तळमळता आणि कशाक नाय, ता कळाक."

एक दिवस जेवताना त्यांनी मला विचारलं, "तुझा ताट कोणाचा?"

माझ्या मनात कोणासाठी ताट वाढून ठेवलंय, असं ते विचारत होते. माझी एक गोष्ट होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती.

पहिल्या वर्षी आमची सहल आंबोलीला गेली होती. मी वर्गात सांगून ठेवलं होतं की आमचं आंबोलीला हॉटेल आहे. खरं म्हणजे धबधब्याच्या रस्त्याला आईची टपरी आहे. निळी ताडपत्री, शेगडी, भाजलेली कणसं, चहा. आमची बस बरोबर तिथेच थांबली. खिडकीतून आईने मला पाहिलं. मी मान खाली घालून मोबाइल बघायला लागलो. ती एक क्षण थांबली असेल. मग कणसं घेऊन आमच्या खिडक्यांपाशी आली, सगळ्यांना देत देत माझ्यापर्यंत पोचली आणि म्हणाली, "घ्या ओ. गरम आसा." तिने मला ओ म्हटलं. मुलांना संशय येऊ नये म्हणून. बस सुटल्यावर मी कणसाला तोंड लावलं तेव्हा कळलं, माझ्या कणसाला लिंबू-मीठ जास्त चोळलेलं होतं. मला लागतं तसं.

त्यानंतर मी घरी जात होतो, पण त्या गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही नाही. टपरीवर मात्र जायचं टाळत होतो. काही ना काही कारण काढायचो.

आबा ऐकत राहिले. त्यांनी मला वाईट म्हटलं नाही, समजूतही घातली नाही. फक्त विचारलं, "धुराचो वास येता काय तुका आता, हयसर बसान?"

"येतो."

"मगे तुझी चूल माझ्यापेक्षा बरी. रोज बस."

मी बसायला लागलो. खोलीत, कॉटवर, डोळे मिटून. बस थांबते, मी उतरतो, सगळे मित्र बघतायत, आई मला बघून धावत येते, मी तिच्या खांद्यावर हात ठेवतो. चित्र छान यायचं. कधी डोळे भरून यायचे. पण पुढच्या खेपेला घरी गेलो की मी टपरीवर जात नसे. हे असं का होतं, मला कळत नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी दुपारी मी पडवीत अभ्यास करत होतो. बारा वाजून गेले होते. फाटक उघडून एक म्हातारे गृहस्थ आत आले. पूर्ण टक्कल, हडकुळे, खांदे पुढे झुकलेले, हातात छत्री आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"आसत काय?" त्यांनी विचारलं.

कॉलेजात गेल्यापासून मी अनोळखी माणसाशी पुस्तकातल्या मराठीत बोलत असे. "आहेत. पण आत बसलेत. एक वाजेपर्यंत त्यांना उठवता येत नाही. तुम्ही बसा."

मी त्यांना पाणी आणि गुळाचा खडा दिला. ते बाकावर बसले. घराकडे बघत होते, माडाकडे, विहिरीकडे. तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला, "ये रे. आत ये. हात धू."

ते गृहस्थ उठले. अर्धे उभे राहिले, हात भिंतीला टेकलेला.

"तुम्हाला नाही," मी घाईने म्हटलं. "त्यांची ती सवय आहे. ते तुम्हाला नाही बोलवत."

ते परत बसले. छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवत म्हणाले, "मगे कोणाक बोलवतत?"

"त्यांच्या भावाला. रोज ताट वाढून ठेवतात."

"भाव येता?"

"नाही. कधीच आला नाही."

"मगे ता ताट जेवता कोण?"

"मी," मी म्हटलं.

यावर ते हसले. एवढ्याशा शरीरातून एवढं मोठं हसू कसं निघालं कोण जाणे, विहिरीवरचा कावळा उडाला. आत आबांचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी त्या हसण्याकडे पाहिलं, पुढे आलेले दात पाहिले, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या डोक्यातल्या भावाला कुरळे केस होते.

थोड्या वेळाने ते उठले. "माझ्या बशीचो टायम झालो. ह्या तेंका दी. आणि आज पण तूच जेव." फडक्याची पुरचुंडी त्यांनी बाकावर ठेवली.

"नाव काय सांगू?"

"सांग, कोण तरी येवन बसान गेलो."

मी फाटकापर्यंत गेलो. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा पाऊण वाजला होता. पंधरा मिनिटं थांबा, एवढंसुद्धा मी म्हटलं नाही. नियम मोडायचा नाही, हीच मला मोठी गोष्ट वाटत होती.

एक वाजता दार उघडलं. आबा बाहेर आले ते धावत आल्यासारखे. चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला.

"झिला! आज सुटला रे पाणी! आज तेचा हसणा पण ऐकू इला माका. अगदी खराखुरा, पडवीत बसान हसता तसा! इतक्या वर्षात पयल्यांदा!"

पडवीत कोण बसून गेलं ते मला तेव्हा कळलं. मी नुसतं बाकाकडे बोट दाखवलं.

आबांनी पुरचुंडी उचलली. सोडली नाही. गाठीवर अंगठा फिरवत राहिले. मग नाकाशी नेली. आत सोलं होती, वास मलाही येत होता. "ही गाठ आवशीची," आईची आठवण येऊन ते म्हणाले. "टोक आत घालून बांधी ती. आमी दोघांनी तिच्याकडसून शिकलंव."

मी सगळं सांगितलं. पाणी, गूळ, "तुम्हाला नाही" म्हणालो तेही. सांगताना रडलो. त्यांनी मला रागवावं असं फार वाटत होतं.

"तू कित्याक रडतंस? तू नियम पाळलंस. नियम केलो कोणी? मी." ते बाकावर बसले, भाऊ बसला होता त्याच जागी. पुरचुंडी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुका मी एक खोटा सांगितलंय. निरोप मिळालो होतो माका."

"कसला निरोप?" मी विचारलं.

"कट्ट्याच्या दुकानातसून फोन केलो होतो तेणी, शेजारच्यांकडे. 'चलत येतंय, थांबा.' शेजाऱ्याचो झील येवन माझ्या कानात सांगान गेलो. पाऊस जरा थांबलो होतो. लोक म्हणी होते उरकून घेवया. पण तेच्यासाठी नाय केलंय मी. आवशीक शेवटी मी सांभाळलंय, तर शेवट पण माझोच, असा वाटला. तासभर. फक्त तासभर वाटला."

फडक्याची गाठ त्यांनी पुन्हा घट्ट केली.

"आणि बघ, बावीस वर्षा चित्र कसला बघलंय? तो येता, तो हात धुता, तो बसता. सगळा तोच करता. मी खंय आसंय तेच्यात? मी पाटार बसान. एक दिवस मी उठताना बघूक नाय स्वतःक."

माझ्या चित्रात आई धावत यायची. मी हे आबांना तेव्हा सांगितलं नाही, पण मान खाली घातली.

त्या दिवशी ते ताट कोणीच जेवलं नाही. आबांनी ते झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून तयार होते. गुडघ्यांना तेल चोळलं होतं. मी स्टँडपर्यंत गेलो. ते सारखे ओठांवरून जीभ फिरवत होते.

"आबा, पाणी सुटलं?" मी विचारलं.

"नाय रे. लाकडासारखा कोरडा आसा तोंड. कालचा सगळा गेला."

"मग?"

ते एसटीची पायरी चढले. दांड्याला धरून एकदा वळले. "मगे काय? आज तसाच चूल पेटवतंय."

आबा तीन दिवसांनी परत आले. मी विचारावं की नाही या विचारात होतो. त्यांनी पिशवी ठेवली, पाणी प्याले, आणि स्वतःच म्हणाले, "सांगितलंय तेका निरोपाचा."

"काय म्हणाले?"

"'म्हायत होता माका,' म्हणालो. परत जाताना कट्ट्याच्या दुकानदारान तेका सांगितला होता, शेजाऱ्यांचो उलट फोन इल्लो, निरोप पोचलो म्हणान. बावीस वर्षा तो मी सांगूची वाट बघी होतो." त्यांनी पिशवी आत सरकवली. "मगे वाढल्यान माका. आमटीत मीठ जास्त झाला होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दोन वेळा मागान घेतलंय."

यानंतर आबा दुपारी दार लावून बसल्याचं मी पाहिलं नाही. वालावलला त्यांच्या खेपा वाढत गेल्या. आता मी शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलमध्ये राहतो, कारण आबांचं घर बहुतेक बंदच असतं. मधे एकदा बाजारात त्या चाची भेटल्या. म्हणाल्या, "तुमचे आबा इल्ले श्रावणात. सोबत भाव होतो. आता दोघा मिळान बघतत!"

मी मात्र आबा परत आल्यानंतरच्या रविवारी आंबोलीची एसटी धरली. खिडकीत बसून चित्र बघायचा प्रयत्न केला, तर एकही चित्र येईना. घाटात तोंड इतकं कोरडं पडलं की गिळता येईना. टपरीसमोर उतरलो तेव्हा तिथे पर्यटकांची एक गाडी थांबलेली, सात-आठ माणसं कणसांसाठी उभी. आईने मला पाहिलं. माझ्या खांद्यावरची कॉलेजची बॅग पाहिली, त्या माणसांकडे पाहिलं. आणि मला तिची ओळख नको असेल असं वाटून तिने मागच्यासारखंच केलं.

"काय व्हया ओ?" तिने विचारलं.

मी टपरीला वळसा घालून मागून आत गेलो. बॅग खाली ठेवली. शेगडीतले निखारे विझत आले होते.

"आये, पंखो दी हकडे," मी म्हटलं. "तू लिंबू लाव."

तिने पंखा माझ्या हातात दिला. एका बाईंनी विचारलं, "मुलगा का हो तुमचा?" आई मान खाली घालून लिंबू कापत राहिली. उत्तर माझ्यावर सोडलं होतं तिने.

"होय," मी म्हटलं, आणि वारा घालायला लागलो. धूर सरळ माझ्या तोंडावर आला.